दोरी तिची, पट्टी माझी

साप चावलेला माणूस दवाखान्यात आला की मी त्याच्याकडे बघायच्या आधी त्याच्या नातेवाइकांवर ओरडायची. खोटं कशाला बोलू? राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, आणि त्या रागाला कारणही होतं. अतिदक्षता विभागात मी अकरा वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत साप चावलेला असा माणूस क्वचितच आला असेल, ज्याचा हात नाहीतर पाय घरच्यांनी आवळून बांधला नव्हता. सुतळी, चऱ्हाट, लुगड्याचा काठ, सायकलची ट्यूब, जे हाताला लागेल ते. का, तर विष वर चढू नये म्हणून. विष काही थांबत नाही, रक्त मात्र थांबतं आणि खालचा भाग काळा पडायला लागतो. हे मी गावोगावच्या शिबिरांत घसा फोडून सांगितलेलं. दिंद्रुडला बाजाराच्या दिवशी भोंग्यावरून सांगितलं होतं. लोक माना डोलवायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यातलाच कुणीतरी पोटरीला काथ्या गुंडाळून यायचा.

आमचा दवाखाना सहकारी. बीडपासून फार लांब नाही. नाव सांगून उपयोग नाही, आता तिथं मंगल कार्यालय झालंय. आसपासच्या गावांतल्या लोकांनी भागभांडवल घालून उभा केलेला, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस एक तर सभासद, नाहीतर सभासदाचा मेहुणा. भेटायची वेळ संपली म्हणून कुणाला बाहेर काढावं तर खिशातून शेअरचं सर्टिफिकेट निघायचं. मालकालाच भाईर काढता व्हय, असं एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, आणि गंमत म्हणजे त्याचं बरोबर होतं. आठ खाटांचा विभाग, पाळीला दोन नर्स, एक मावशी, आणि सगळ्यांवर मिळून एक डॉक्टर, ते ओपीडीतही असायचे आणि ऑपरेशनलाही.

ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. दवाखान्याला एक दिवसाआड टँकर, तोही आला तर आला. हात धुवायला बादली आणि मग्गा. चादरी आठवड्यातून एकदाच धुवायच्या असा ठराव संचालक मंडळानं केला होता. रुग्णाला उलटी झाली तर ठराव कुठं नेऊन घालायचा ते ठरावात नव्हतं.

आता हात बांधण्याचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. ज्याला स्वतः श्वास घेता येत नाही त्याच्या घशात नळी घालून ती मशिनला जोडतात. माणूस जरा शुद्धीवर आला की त्याला ती नळी सहन होत नाही, घशात काहीतरी अडकलंय एवढंच त्याला कळतं आणि तो ते उपसायला जातो. म्हणून मनगटं खाटेच्या कठड्याला बांधायची. आमच्याकडे त्यासाठी कापडी पट्टे होते. मीच शिंप्याकडून शिवून घेतले होते, रुंद, आत कापूस भरलेले, काचू नयेत म्हणून. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या पाळीत एका माणसानं नळी उपसली होती. मी चार पावलांवर शेजारच्या खाटेला सलाइन लावत होते. परत नळी घालेपर्यंत उशीर झाला. त्याची लेक दाराशी उभी होती, ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कुणाची बोटं हलली की मी बांधायला धावायची. डॉक्टर तसं लिहून देत नसत. जाता जाता 'सिस्टर, बघा जरा' म्हणत, त्यात सगळं आलं. कागदावर 'रुग्ण अस्वस्थ' एवढंच लिहायचं. बांधलं, किती वाजता बांधलं, कधी सोडलं, याला रकानाच नव्हता. एक नवी नर्स मला म्हणाली, आपण नर्स आहोत का गुराखी, तेच कळेना झालंय. मी तिला झापलं. मेलेल्या माणसाचे हात मोकळे ठेवून काय करायचंय, म्हटलं. पण तिचं बोलणं मला लागलं होतं, म्हणून तर इतकं झापलं. बांधताना माणूस तुमच्याकडे बघतो. तोंडात नळी असते, बोलता येत नाही, मग डोळ्यांनीच काय ते. त्या नजरेची सवय होते असं म्हणणारी नर्स खोटं बोलते.

तर तो माणूस. भर दुपारी, पाण्याच्या टँकरच्या केबिनमधून आला. चकलांब्याकडच्या एका वस्तीवरचा, पस्तिशीचा, पिढ्यान् पिढ्या गुरं राखणाऱ्या घरातला. दूध सोसायटीनं चारा छावणी चालवली होती, तिथं त्याच्या चार म्हशी होत्या. कारखान्यावरून आलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगात त्यानं हात घातला, आणि सावलीला बसलेला नाग त्याला अंगठ्याच्या मुळाशी चावला. टँकर पाणी ओतून रिकामा परत निघालेला, त्यातच घालून आणलं. बरोबर त्याची बायको. उजव्या हाताला कोपराच्या खाली तिनं सुतळी आवळली होती, ती मांसात रुतलेली. दीड तास झाला होता.

मी ओरडले. नवऱ्याचा हात सडवायचा होता का, म्हटलं.  वाढ्याच्या पात्यांनी तिची बोटं चिरलेली होती आणि ती ते हात पदरात गुंडाळून उभी राहिली. डॉक्टरांनी आधी सापाच्या विषावरचं इंजेक्शन सलाइनमधून सुरू करवलं, मग हळूहळू सुतळी सोडायला सांगितली. मी ती कात्रीनं कापली. बोटं हलवा म्हटलं, त्यानं पाचही बोटं हलवली. मी दाखल कागदावर लिहिलं, 'उजव्या हाताची बोटे हालतात.' अक्षर माझं, सही माझी.

अर्ध्या तासात त्याच्या पापण्या उतरल्या. मग मान पडली, मग श्वास उथळ झाला, आणि नळी घालून त्याला मशिनवर घेतलं. नागाच्या विषाची ही तऱ्हा आहे. माणूस बाहेरून मेल्यासारखा, पापणी उचलत नाही, बोट हलत नाही, पण आत तो जागा असू शकतो, कान चालू असतात. मी हे नव्या पोरींना शिकवायची. आणि शिकवून झालं की त्याच्याच उशाशी उभी राहून आपल्याला काय वाटेल ते बोलायची. शहाणपण सांगायला सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधानं गुण दिला. आधी डावा हात हलला, मग उजवा, आणि दोन्ही तोंडाकडे निघाले.  मला दाराशी उभी राहिलेली ती लेक आठवली. पट्टे बघितले तर ते टबात पडलेले, उलटीनं आणि रक्तानं माखलेले, चार दिवस धुतलेच नव्हते, कारण टँकर आला नव्हता. मी गॉजची पट्टी काढली, पीळ दिला आणि दोन्ही मनगटं कठड्याला बांधून टाकली. उजवा हात विषानं सुजत होता, हे मला दिसत होतं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. माझी जोडीदारीण त्या दिवशी आलीच नव्हती. तिच्या गल्लीत आठ दिवसांच्या खंडानंतर त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं, आणि त्या वर्षी नळाला पाणी येणं म्हणजे घरातल्या लग्नासारखं, रजा पडणारच. आठ खाटा आणि मी एकटी.

दहाच्या भेटीला बायको आत आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी मनगटाकडे बघितलं. जन्म गुरांत गेलेली बाई, तिला गाठच आधी दिसणार. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, ही गाठ बसत जाती. हिसडा दिला की आवळती. वासराला सुदिक आमी अशी घालीत न्हाई."

आणि तिनं पदराचं टोक घेतलं, कठड्याभोवती फिरवून दाव्याची गाठ घालून दाखवायला लागली, कितीही ओढलं तरी न आवळणारी. मी बघितलंच नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिला म्हटलं, "तू मला गाठी शिकवू नकोस. तुझ्या गाठीनंच हा हात सुजलाय."

तिचा हात तिथंच थांबला. तिनं पदर सोडवून घेतला आणि भेटीची वेळ उरलेली असताना बाहेर निघून गेली. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. उलट, बरं गप्प केलं, असं वाटलं. तिची दोरी अडाणीपणाची आणि माझी पट्टी उपचाराची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

ती गेल्यावर लगेच ऊन लागलेली एक म्हातारी आली, टँकरच्या रांगेत कोसळलेली, अंगात भट्टीसारखा ताप. तिच्यावर ओल्या चादरी टाकायच्या तर पाणी नाही. मी आणि मावशीनं संचालकांच्या खोलीतला जार उचलून आणला. म्हातारी वाचली. तेवढ्यात तीन नंबरच्या खाटेचं सलाइन निघालं, सहा नंबरचा रक्तदाब पडला. मधूनमधून मी लांबून त्या माणसाकडे नजर टाकत होते. नळी जागेवर, छाती वरखाली होतेय, मशिन आवाज करतंय, म्हणजे ठीक. हातांवर चादर होती. चादर उचलायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद मला सहा तास मिळाले नाहीत असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं असं की मला नळीची भीती होती, हाताची नव्हती.

चारच्या सुमाराला, पाळी बदलायच्या आधी, मी चादर काढली. डावा हात बरा होता. उजव्याची पट्टी दिसतच नव्हती, दोन्ही बाजूंनी मांस वर येऊन ती आत बुडाली होती. बोटं निळसर आणि गार. कात्री आत जाईना. कशीबशी कापली, हात उशीवर उंच ठेवला, आणि खाली बसून त्याची बोटं तळहातात धरून राहिले. हळूहळू रंग आला, पण पहिल्यासारखा नाही. बोटं हलवा, मी त्याच्या कानात म्हटलं. डाव्या हाताची हलली. उजव्याची दोन हलली, तीन नाही.

मग मी टेबलाशी गेले आणि कागदावर लिहिलं, 'उजव्या हातास सूज, बोटांची हालचाल कमी. नातेवाइकांनी सुतळी आवळून बांधल्याचा इतिहास.' एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टर आले, त्यांनी कागद वाचला, हात बघितला आणि सुतळी किती वेळ होती विचारलं. मी सांगितलं, दीड तास. तरीच, म्हणाले. मी गप्प बसले. चोरी काही वेगळी नसते.

बाहेर जाऊन डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं. चांगल्या शब्दांत समजावलं, तो माणूस चांगलाच होता. जीव वाचेल, पण दोरी बांधल्यामुळे हाताचं सांगता येत नाही, म्हणाले. रुग्णाची आई तोवर गावाहून आली होती. ती सुनेकडे वळली आणि म्हणाली, "माझ्या लेकाचा हात खाल्लास." बस, एवढंच. सून खाली बघत उभी राहिली. मी फाइल छातीशी धरून दोन हातांवर उभी होते. सकाळी गाठ दाखवायला आलेली बाई होती ती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. तिला शंका होती असं नाही, आपल्या दोरीनंच हात गेला हे तिनं खरंच मानलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

चौथ्या दिवशी नळी निघाली, बाराव्या दिवशी तो चालत घरी गेला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं वळायची नाहीत. म्हशीची धार काढायला नेमकी तीच बोटं लागतात. आता डॉक्टरी भाषेत कुणी मला विचारलं की विषानं गेलं, दोरीनं गेलं का पट्टीनं, तर छातीठोक सांगता येणार नाही. पण दोरी कापल्यावर पाच बोटं हलली होती आणि पट्टी कापल्यावर दोन. दोन्ही मीच लिहिलंय.

त्यानंतर मी आमच्या मावशीकडून दाव्याची गाठ शिकले. तिच्या घरी शेळ्या होत्या. मी ती सगळ्या नर्सेसना शिकवली. प्रत्येक खाटेला पाटी लावली, कधी बांधलं, कधी बघितलं, कधी सोडलं. बांधलेल्या हातावर चादर घालायची नाही. कुणाचं ऐकेन तर शप्पथ. सिस्टर लई कडक झाल्या, म्हणायचे. नातेवाइकांपैकी एकाला हात धरून बसू द्यायची, म्हणजे निम्म्या लोकांना बांधावंच लागायचं नाही. हे इतकं सोपं होतं आणि ते सुचायला एक हात जावा लागला. कारण मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षं गेली. पाऊस एकदा झाला, एकदा नाही झाला. दवाखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा मांडवात होती. सभासदांचा रक्तदाब तपासायला आम्हा दोघी नर्सना मागच्या टेबलाशी बसवलं होतं. सहकारातली सभा ज्यानं बघितली त्याला सांगायला नको. अहवाल वाचून दाखवतात, कुणी ऐकत नाही, मंजूर मंजूर म्हणून हात वर होतात, आणि सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तिथं कुणी उठत नाही. त्या दिवशी तो उठला.

मी त्याला आधी हातावरून ओळखलं. उजवा हात पोटाशी धरलेला. त्यानं सांगितलं, मी सभासद हाय, माझा एक प्रश्न हाय. अध्यक्ष सावध झाले, त्यांना वाटलं भरपाई मागतोय. तो म्हणाला, मला कायबी नको, माझ्या हाताला काय झालं ते इतिवृत्तात लिवा. अध्यक्षांनी व्यवस्थापकांना त्याची जुनी फाइल आणायला लावली आणि त्यातलं वाचून दाखवलं, नातेवाइकांनी सुतळी बांधल्याचा इतिहास. मांडवात दोघं-तिघं च् च् करत हळहळले. अडाणीपणा, कुणीतरी म्हणालं.

तो हटला नाही. म्हणाला, "डोळे मिटलेले व्हते, पर मला समदं ऐकू येत व्हतं. दोरी कापली तवा हाताला मुंग्या आल्या, बोटं हालली. बायको आली व्हती, तिनं सांगितलं, गाठ बसत जाती. तिला गप केलं. मग म्या हिसडे दिले. जितके दिले तितकं ते आवळत गेलं. कुनी केलं ते मला सांगायचं न्हाई. पर माझ्या बायकोनं केलं न्हाई, तेवढं लिवा."

माझ्या जोडीदारणीनं टेबलाखाली माझं मनगट धरलं. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका, म्हणाली. तिचंही चुकलं नव्हतं, नोकरीचा प्रश्न होता. आणि तो माणूस माझं नाव घेत नव्हता. माझा आवाज त्यानं ऐकला होता, मी मागं बसलेय हे त्याला ठाऊक होतं, तरी घेत नव्हता. ते मला सोसवेना. मी उठले आणि म्हटलं, पट्टी मी बांधली होती, गाठ माझी होती, सहा तास मी बघितलं नाही आणि नंतर सांगितलं नाही. मोठं भाषण काही झालं नाही. मी खाली बसले.

 अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, सिस्टरांनी भावना व्यक्त केल्या, विषयाची नोंद घेण्यात येत आहे. कारकुनानं लिहिलं, 'विषयाची नोंद घेण्यात आली.' मग आभार आणि जेवण. काय लिहिलं ते मी पुढं जाऊन वाचलं, हे एवढंच.

तो माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता. म्हणाला, शिस्टरबाई, कागद माझ्या मायला वाचता येत न्हाई. तुमी घरी येऊन सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं गेले.  वस्तीवर पत्र्याची दोन खोल्यांची जागा, बाहेर गोठा. आई ओट्यावर बसलेली. बायको धारा काढून नुकतीच आली होती, कासंडी बाजूला ठेवून भिंतीशी टेकली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सुतळीनं हात गेला नाही. सुनेनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, तोंड फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला. सुनेला ती काही म्हणाली नाही. बाईंस्नी पानी द्या, एवढंच म्हणाली.

पाण्याचा तांब्या घेऊन मी ओट्याच्या कडेला टेकले. तो माझ्यासमोर घोंगडीवर बसला होता. आता उजेडात मी हात नीट बघितला. अंगठा आत ओढलेला, दोन बोटं चिमट्यासारखी आखडून गेलेली. सवय जात नाही. माझा आवाज चढला. घरी जाताना सांगितलं होतं ना, म्हटलं, रोज तीन वेळा कोमट तेल लावून बोटं चोळायची, ताणायची. सहा महिने केलं असतं तर बरीच सुटली असती. बायकोला दाखवून दिलं होतं. का केलं नाही?

 उत्तर तिनं दिलं. भिंतीशी टेकूनच म्हणाली, "आत्याबाई मला त्या हाताला शिवू देत नव्हत्या. अन् दिलं असतं तरी माझी हिंमत नव्हती, बाई. म्या मारलेला हात, मीच कशी चोळू? दोन वर्सं म्या त्याला हात लावला न्हाई. जेवाया वाढताना बी डाव्या अंगाला बसले."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. पट्टीनं हात अधू झाला होता, पण सगळा गेला नव्हता. उरलेला माझ्या गप्प बसण्यानं गेला. टेबलाशी उभं राहून 'तरीच' ऐकून घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं की दोष एकीच्या माथी गेला, एवढंच. दोष कुठं जाऊन बसतो ते मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, आणि त्या घरात रडायचा मला काय हक्क, म्हणून मी ते गिळलं.

ती जवळ आली आणि घोंगडीवर त्याच्या उजव्या बाजूला बसली. मला विचारलं, "आता चोळलं तर?"

तिला काय ऐकायचंय ते मला कळत होतं. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण दोन वर्षं आखडलेली बोटं सुटत नाहीत. मी तिला तसं सांगितलं. न्हाई, म्हटलं, आता उपयोग व्हायचा न्हाई.

तिनं मान हलवली. मग त्याचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, माझ्यासमोर, सासूसमोर, आणि आखडलेलं बोट धरून हळूच ओढायला लागली. ते येईना. ती ओढतच राहिली. मी उठले, चपला घातल्या आणि बस कधी आहे ते विचारलं. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.